नित्य वापरासाठी खिशातील चाकूची निवड

खिशातील चाकू : ज्याचे पाते एका खिळ्याभोवती फिरून मुठीच्या खाचेत मिटते आणि जो म्यानाविना खिशात ठेवता येतो असा लहान चाकू. यालाच घडीचा चाकू असेही म्हणतात. तो रोज जवळ बाळगायचा असल्यास पात्याचा आकार, पोलाद, मिटण्या-उघडण्याची रचना, मुठीचे साहित्य आणि कायदा या सर्वांचा विचार करावा लागतो. या नोंदीत तो नागपूर शहर आणि जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

निवडीचा आरंभ कामापासून व्हावा. शहरातील माणसाला चाकू लागतो तो खोक्यावरची चिकटपट्टी कापायला, सुतळी तोडायला, पेरू किंवा आंबा चिरायला आणि क्वचित वायरीचे आवरण सोलायला. (नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ते हातानेच सोलले जाते; या शहराच्या सर्वांत प्रसिद्ध फळाला चाकूची गरजच नाही.) एवढ्या कामांना ६ ते ७.५ सेंमी लांबीचे आणि सुमारे २ मिमी जाडीचे पाते पुरते. त्याहून जाड पाते मजबूत दिसते, पण फळात शिरताना ते चिरण्याऐवजी फाडते. विक्रेते मजबुतीचाच बडेजाव करतात, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

कोणत्याही एका कामासाठी घडवलेले पाते किती वेगळे असते, हे काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या रोपवाटिकांत दिसते. तेथे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कळीचे कलम बांधतात. त्यासाठीच्या कलमाच्या चाकूची धार अतिशय तीक्ष्ण असते आणि साल अलगद उचलण्यासाठी त्याला एक बोथट, चपटा भागही दिलेला असतो. या कामासाठी तो अजोड असला, तरी पुठ्ठा कापायला वापरल्यास त्याची धार लवकर मरते आणि पुढच्या कलमाचा काप स्वच्छ येत नाही. रोजचा चाकू आणि कलमाचा चाकू वेगवेगळे ठेवावेत.

पोलाद मुख्यतः दोन प्रकारचे असते. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण संत्र्या-लिंबाच्या आम्लाने ते काळवंडते आणि पावसाळ्यात त्यावर गंज चढतो. गंजरोधक पोलादात क्रोमियमचे प्रमाण किमान १०.५ टक्के असते. चाकूच्या पात्यांत ते सहसा १३ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक ठेवतात. ‘डी २’सारखे कठीण पोलाद धार दीर्घकाळ टिकवते, मात्र एकदा बोथट झाले की साध्या दगडावर ते दाद देत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या घडीच्या चाकूंचे पाते कठीणपणाच्या रॉकवेल मापनानुसार ५६ च्या आसपास, म्हणजे मध्यम कठीण असते, आणि घरच्या दगडावर ते काही मिनिटांत पाजवता येते. नागपूरच्या वापरासाठी या मध्यम कठीण वळणाचे पोलाद अधिक सोयीचे. फिरत्या चाकावर धार लावून घेताना मात्र सावध राहावे : घर्षणाने पाते तापून निळसर पडले, की त्या जागेला दिलेले पाणी (कठीणपणा) उतरते आणि तेथे धार धरत नाही.

रचनेच्या दृष्टीने एक जुना प्रचलित प्रकार म्हणजे पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने पाते उघडे धरणारा चाकू. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेला स्विस अधिकाऱ्यांचा चाकू याच वर्गातला. त्यात पाते पक्के अडकत नाही. टोक खुपसताना ते बोटांवर मिटू शकते, म्हणून तो ओढून कापण्याच्या कामांसाठीच वापरावा. फ्रान्सच्या सावोय प्रांतात १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरती कडी आहे आणि तिच्यामुळे पाते जागेवर राहते. त्याची मूठ बीचच्या लाकडाची असते. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात हे लाकूड फुगून पाते उघडणे जड जाते, तर मेच्या कोरड्या उष्म्यात सांधा सैलावतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली धातूची मूठही हातात धरवत नाही. नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम साहित्याच्या मुठीला यातली कोणतीच अडचण नाही. देखणेपणात ती उणी पडते, एवढेच.

कायद्याबाबत बराच गैरसमज आढळतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांतील शस्त्रांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. सर्वत्र सांगितली जाणारी ३ इंचांची मर्यादा दिल्लीच्या १९८० च्या अधिसूचनेतली आहे. ती खटक्याने किंवा तत्सम यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंपुरती असून नागपूरला लागू नाही. येथे अधिक महत्त्वाचे आहे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७. त्यानुसार सुव्यवस्थेसाठी ठरावीक काळापुरता चाकू, काठी वा इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करता येते, आणि अशा काळात पात्याची लांबी दाखवून सुटका होत नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, मोठ्या मिरवणुका, निवडणुका अशा वेळी चाकू घरी ठेवणे शहाणपणाचे. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ किंवा मेट्रो स्थानक येथील तपासणीतही तो अडवला जाऊ शकतो. सोनेगावच्या विमानतळावरून प्रवास करताना तो हातातल्या सामानात चालत नाही, नोंदणी करून सोपवलेल्या सामानातच ठेवावा लागतो. खटक्याने पाते बाहेर फेकणारा चाकू रोजच्या कोणत्याही कामात साध्या चाकूहून उजवा ठरत नाही, संशय मात्र हमखास ओढवतो, म्हणून असा चाकू टाळावा.

निगा फारशी लागत नाही. आंबट फळ कापल्यावर पाते धुऊन लगेच कोरडे करावे आणि खाचेत साठलेला खिशातला कचरा काडीने काढावा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. फळे चिरायच्या पात्याला खोबरेल लावता येते. मात्र सांध्यात ते घालू नये, कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते गोठते आणि पाते जड चालते.