बेंजो (कोकण)

बेंजो : कोकण किनारपट्टीवर व मुंबईतील कोकणी वस्त्यांत हळद, लग्नाची वरात, नारळी पौर्णिमा, गणपतीचे आगमन-विसर्जन अशा प्रसंगी वाजवले जाणारे कळांचे तंतुवाद्य, तसेच ज्या वाद्यमेळात हे वाद्य मुख्य चाल धरते त्या मेळाचे नाव. बोलण्यात हे दोन्ही अर्थ सर्रास मिसळतात. ‘लग्नाला बेंजो सांगितलाय’ याचा अर्थ अख्खी पार्टी ठरवली असा होतो, तर ‘तो बेंजो वाजवतो’ यात केवळ वाद्य अभिप्रेत असते. उत्तर भारतात याच वाद्याला बुलबुल तरंग म्हणतात आणि जुन्या वाद्यविक्रेत्यांच्या तोंडी ‘जपानी बेंजो’ असाही शब्द असतो.

अमेरिकेतील बँजो या वाद्याशी याचे नावापलीकडे नाते नाही. तो बँजो आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवला. त्याला लांब दांडी असते आणि गोल कड्यावर कातडे ताणलेले असते. कोकणातील बेंजो ही मात्र आडवी लाकडी पेटी असून तिच्यावर दांडी नाही, कातडे नाही आणि वादकाची बोटे तारेला थेट लागतही नाहीत. वाद्यांच्या वर्गीकरणात त्याची जागा संतूर, स्वरमंडल यांच्या कुळात, पण कळांमुळे त्या कुळाच्याही एका कडेला येते.

वाद्याचे मूळ जपानी आहे याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. वाद आहे तो ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर केव्हा आणि कोणत्या वाटेने आले याविषयी. नागोया येथील मोरिता गोरो या वादकाने १९१२ मध्ये तैशोगोतो हे वाद्य तयार केले असे सामान्यतः मानले जाते. जपानी दोन तारांच्या जुन्या वाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवण्याची ही कल्पना होती आणि वाद्याचे नाव त्याच वर्षी जुलैअखेर सुरू झालेल्या तैशो राजवटीवरून पडले. बलुचिस्तान व सिंधमध्ये ‘बेंजू’ नावाने वाजणारे, आकाराने बरेच लांब असे याचेच भावंड जपानी खलाशांनी एकोणिसाव्या शतकात कराची बंदरात आणले, असेही कधी कधी लिहिले गेले आहे. परंतु १९१२ हे निर्मितीवर्ष मान्य केल्यास ही तारीख टिकत नाही, आणि खलाशांची कथा खरी मानायची तर ती किमान दहा-बारा वर्षे अलीकडे ओढावी लागते.

दुसरे मत व्यापाराचे आहे. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी मुंबईचा जहाजमार्ग १८९३ मध्येच सुरू केला होता. पहिल्या महायुद्धात युरोपातील माल येणे घटले, तेव्हा काड्यापेट्या, काचसामान, खेळणी अशा जपानी वस्तूंनी मुंबईचा बाजार भरला, आणि स्वस्त, छोटे, शिकायला सोपे असे हे वाद्य त्याच लाटेत आले असावे. तिसरे मत कोकणात ऐकू येते. रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ माणसे ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून काम करीत. तेव्हा वाद्य मुंबईच्या बाजारातून नव्हे, तर या खलाशांच्या ट्रंकेतून थेट गावी पोचले, असे हे मत सांगते. ते आकर्षक आहे, यात शंका नाही. तथापि वाद्याचा प्रसार पाहता त्यावर फार भार देता येत नाही. केनियाच्या किनाऱ्यावरील तारब संगीत, मालदीव बेटे, कराची, मुंबई, बाली व सुलावेसी या सर्व ठिकाणी हे वाद्य वेगवेगळ्या नावांनी आढळते. बालीत त्याला पेंतिंग, सुलावेसीत मंदालिओंग म्हणतात. ही सर्व ठिकाणे समुद्रमार्गांवरची आहेत. पण बंदरात खलाशीही उतरतो आणि मालही, म्हणून केवळ नकाशावरून निवाडा होत नाही. नावाचा पुरावा मात्र अधिक बोलका वाटतो. कराचीचा ‘बेंजू’ आणि कोकणचा ‘बेंजो’ हे दोन्ही शब्द एकमेकांपासून स्वतंत्रपणे पडले असण्याची शक्यता कमी असून, पाश्चात्त्य बाजारातही हे वाद्य ‘जपान बँजो’ या अर्थाच्या नावाने विकले जात असे. नाव मालाबरोबर आले असेल, तर वाद्यही मालाबरोबरच आले असावे, असा कल प्रस्तुत नोंदीचा आहे.

मुंबईहून कोकणात ते कसे गेले याचे उत्तर तुलनेने सरळ आहे. गिरणगावातील चाळींत राहणारे रत्नागिरी-रायगडकडचे चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी जात आणि जाताना मुंबईत रुळलेली करमणूकही सोबत नेत. मुंबईत हे वाद्य कव्वालीच्या मेळांतही पक्के बसले होते.

वाद्याची रचना साधी दिसते, परंतु तिच्यात एक बारकावा आहे. पेटीच्या एका अंगाला चालीच्या तारा आणि दुसऱ्या अंगाला आधारस्वराच्या तारा असतात. चालीच्या तारा पोलादी असून त्या एकाच स्वरात किंवा एका सप्तकाच्या अंतराने लावतात. कळ दाबली की तिच्याखालची धातूची पट्टी या सर्व तारांवर एकदम टेकते आणि तारेची कंप पावणारी लांबी ठरते. उजव्या हातातील प्लास्टिकच्या नखीने तारा छेडल्या जातात. म्हणजे डावा हात हार्मोनियमवाल्याचा आणि उजवा हात मँडोलिनवाल्याचा. कळा सुमारे दोन सप्तकांच्या असतात आणि त्यांची मांडणी हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखी असल्यामुळे कोकणातील वादक स्वरही ‘सफेद एक’, ‘काळी दोन’ अशाच भाषेत सांगतो. कळांखालच्या धातूच्या पट्ट्यांमधील अंतर सारखे नसते. तारेची मोकळी लांबी ६० सेंमी. धरली, तर पहिला अर्धस्वर तिच्या टोकापासून सुमारे ३.४ सेंमी.वर येतो, बारावा बरोबर मधोमध म्हणजे ३० सेंमी.वर, आणि अकराव्या व बाराव्या स्वरांमध्ये जेमतेम १.८ सेंमी. उरतात. या अंतरात थोडीशी जरी चूक राहिली तरी वरच्या सप्तकात वाद्य बेसूर होते, आणि स्थानिक सुताराने घडवलेली अनेक वाद्ये नेमकी येथेच फसतात. स्वर कळांनी बांधलेले असल्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, घेता येत नाही. तिची उणीव वादक नखीच्या अतिजलद फिरकीने आणि शेजारच्या स्वराला हलका स्पर्श करून भरून काढतो. कोळीगीतांच्या सहा मात्रांच्या डुलत्या चालीला हीच तुटक, झणझणीत छेड शोभते. संथ भावगीत मात्र या वाद्यावर कोरडे वाटते.

एकाच स्वरात लावलेल्या चार-पाच तारा कधीच अगदी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यातील सूक्ष्म फरकामुळे आवाजात एक थरथर येते, आणि मिरवणुकीत दुरूनही बेंजो ओळखू येतो तो प्रामुख्याने या थरथरीमुळे. चांगला वादक ती पूर्णपणे घालवीत नाही.

कोकणातील बेंजोला त्याचे आजचे रूप विजेने दिले. मूळ पेटीचा आवाज दिवाणखान्यापुरता असतो; ढोल, ताशा, सनई यांच्या खालूबाजासमोर तो टिकणे शक्यच नव्हते. तारांखाली पिकअप (तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) बसवून अॅम्प्लिफायर व कर्ण्यातून आवाज काढण्याची पद्धत नेमकी कोणत्या दशकात रूढ झाली याविषयी वादकांच्या आठवणींत एकवाक्यता नाही, तरी कॅसेटच्या प्रसाराच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने १९८० च्या आसपास, ती सर्वत्र दिसू लागली असावी. इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू होते. चुंबकीय पिकअप पोलादी तारेचे कंपन पकडतो, पितळी तारेचे पकडत नाही. त्यामुळे असा पिकअप बसवलेल्या वाद्यावर आधारस्वराच्या पितळी तारा असून नसल्यासारख्या होतात. आवाज वाढवत नेला की तो फाटतो. हा फाटलेला सूर आरंभी दोष मानला गेला, नंतर तोच लोकांना हवासा झाला. रॉक संगीतातील गिटारचा इतिहासही याच वळणावरून गेला आहे, आणि कोकणातील वादकांनी तो वाचून नव्हे तर कर्ण्याच्या मर्यादेतून स्वतःच शोधला, हे नमूद करण्याजोगे आहे.

पार्टीत बेंजोशिवाय ढोलकी, ताशा, मोठा ढोल, झांज, खुळखुळा ही वाद्ये असतात. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या पुढील आवृत्त्या आणि की-बोर्ड यांची भर नंतर पडली. सर्व सामान टेम्पोवर चढवून, मागे जनरेटर लावून पार्टी निघते. काम घेण्याला इतर कलावंतांप्रमाणेच ‘सुपारी घेणे’ म्हणतात, आणि मुख्य बेंजोवादक बहुधा ‘मास्तर’ असतो. रायगडच्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील कोळी व आगरी वस्त्यांत या पार्ट्यांना विशेष मागणी असते. रत्नागिरीच्या उत्तर भागात त्या खालूबाजाशी जागा वाटून घेतात. शिमग्याच्या पालखीपुढे आजही प्रायः ढोल-ताशाच चालतो. सिंधुदुर्गात भजन आणि दशावताराचे संगीत वरचढ असल्याने बेंजो मुख्यतः वरातीपुरता आहे.

पार्टीचे वय हा या प्रकारातील सर्वांत कमी लिहिला गेलेला, पण ऐकणाऱ्याला सर्वांत आधी जाणवणारा विषय आहे. मास्तर साठी ओलांडलेला, ढोलकीवाला त्याच्याच वाडीतला आणि त्याच्याच वयाचा, झांज धरणारा कोणाचा तरी भाचा, अशी वीस-तीस वर्षे टिकलेली पार्टी ज्या रीतीने वाजवते ती नव्या पार्टीला साधत नाही. लिहून ठेवलेली चाल त्यांच्याकडे नसते. मास्तरने मान किंचित वळवली की ढोलकी ‘उचल’ घेते, आणि गर्दी नाचता नाचता थकली की लय कोणी न सांगता अर्ध्या पावलाने खाली येते. या वयात मास्तरची बोटे मंदावलेली असतात. जलद तुकडे तो सोडून देतो, आणि त्या रिकाम्या जागा भरण्याचे काम पार्टी आपसूक उचलते. अशा पार्टीचे ध्वनिमुद्रण म्हणूनच अवघड ठरते. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर जुळवले, तर चाल शाबूत राहते, पण एकमेकांकडे पाहून वाजवण्यातून आलेला डौल नाहीसा होतो. जुन्या वादकांची चांगली मुद्रणे ही त्यामुळे प्रायः मांडवात किंवा अंगणात एकदम घेतलेली असतात, जरी त्यांत कुत्र्याचे भुंकणे आणि फटाकेही आलेले असतात. दूरच्या तुलनेसाठी कॅनडात जन्मलेले रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांचा ‘बार्न’ हा डिसेंबर २०२१ मधील अल्बम पाहता येईल. १९६९ पासून साथ करणाऱ्या क्रेझी हॉर्स या बँडसह तो कोलोरॅडोच्या डोंगरातील एका जुन्या लाकडी कोठारात, सर्वांनी एकत्र वाजवून मुद्रित केला गेला आणि प्रकाशनाच्या वेळी यंग ७६ वर्षांचे होते. बिली टॅलबट (बास) व राल्फ मोलिना (ड्रम) हे दोघे आरंभापासूनचे, तर गिटारवादक निल्स लॉफग्रेन यांनी यंगसोबत पहिल्यांदा १९७० च्या अल्बमवर वाजवले होते. तेथेही सफाईपेक्षा एकत्र वाजण्याला महत्त्व दिलेले दिसते, आणि गिटारचा फाटलेला सूर तेथेही दोष म्हणून घालवलेला नाही. दोन्ही परंपरांत कोणताही प्रत्यक्ष संबंध नाही. साम्य केवळ जुन्या साथीच्या कार्यपद्धतीचे आहे.

बेंजोचा व्यवसाय १९८२ च्या गिरणी संपानंतर बदलला असे बरेचदा म्हटले जाते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या या संपात काम गेलेले अनेक चाकरमानी गावी परतले, आणि त्यांपैकी वाद्य येणाऱ्यांनी गावातच पार्ट्या उभ्या केल्या, अशी ही मांडणी आहे. ती संभाव्य आहे, परंतु संपाआधीही रायगडात पार्ट्या होत्या हे विसरता येत नाही. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर मुंबईच्या पार्ट्यांना रत्नागिरीपर्यंतच्या सुपाऱ्या घेणे सोपे झाले, आणि स्थानिक पार्टी व मुंबईची पार्टी अशी चढाओढ गणपतीत दिसू लागली.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातला. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. याचा परिणाम बेंजोवर पारंपरिक वाद्यांपेक्षा अधिक झाला, कारण खालूबाजा विजेविना वाजतो आणि बेंजो वाजत नाही. हळदीचा कार्यक्रम पूर्वी पहाटेपर्यंत चाले; आता पार्टी संध्याकाळी सहालाच तारा लावून बसते. २०१६ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ या हिंदी चित्रपटामुळे मुंबईतील पार्ट्यांकडे काही काळ शहरी प्रेक्षकांचे लक्ष वेधले गेले.

वाद्ये बनवणारे कारागीर आता थोडे असून, जुन्या पेटीच्या कळा झिजल्यावर दुसऱ्या मोडक्या वाद्याच्या कळा काढून बसवण्याची पद्धत आहे. की-बोर्डवर बेंजोचा आवाज तयार मिळत असल्याने काही पार्ट्यांत मूळ वाद्य टेम्पोवर ठेवलेले असते, पण वाजत नाही. तरीही सुपारी ठरवताना यजमान अजून ‘तारेचा बेंजो आहे ना?’ असे विचारून घेतो.