द्विध्रुवी मनोविकार आणि नव्या कृत्रिम मादक पदार्थांचे व्यसन

उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या द्विध्रुवी मनोविकारात (बायपोलर डिसऑर्डर) व्यसनाचे प्रमाण मुळातच जास्त असते. त्यात प्रयोगशाळेत बनलेल्या नव्या पदार्थांची भर पडली की निदानच चुकू लागते. मेफेड्रोन, अल्फा-पीव्हीपी ही कॅथिनोन गटातील उत्तेजके, सुक्या पाल्यावर फवारलेली, गांजासारखी नशा देणारी कृत्रिम कॅनाबिनॉइडे आणि औषध म्हणून कधीच मान्यता न मिळालेले, गुंगी आणणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील ब्रोमॅझोलॅम हे त्यांतले ठळक पदार्थ.

मेफेड्रोनमुळे मेंदूत डोपामिन व सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने एकदम वाढतात. अखंड बडबड, झोप उडणे, मोठेपणाच्या कल्पना आणि नशा उतरल्यावर खोल खिन्नता, हे सगळे मूळ आजारासारखेच दिसते. फरक कालावधीत सापडतो. उन्मादाचे निदान करण्यासाठी लक्षणे सहसा किमान १ आठवडा आणि सौम्य उन्मादासाठी ४ दिवस टिकावी लागतात. नशा थांबून सुमारे महिना उलटल्यावरही ती राहिली, तर मूळ आजाराकडे बोट जाते. म्हणून आधी काय सुरू झाले, नशा की झटका, हे घरच्यांना तारीखवार विचारावे.

लघवीतून नशा तपासण्याच्या नेहमीच्या पट्टीवर विसंबणे घातक आहे. गांजाची पट्टी कृत्रिम कॅनाबिनॉइडे ओळखत नाही. गांजातील नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, मेंदूतील सीबी१ ग्राहींना (ज्यांना चिकटून ते परिणाम करते) अंशतःच उद्दीपित करते, ही द्रव्ये मात्र बहुधा पूर्ण. त्यामुळे भास, फिट आणि हिंसक अस्वस्थता जास्त. संशय असेल तर वस्तुमान वर्णपटमापनाने तपासणी करावी लागते.

पट्टी कोरी आली म्हणून उतरतीच्या खिन्नतेवर नुसते नैराश्यरोधक औषध दिले जाते, ही वारंवार होणारी चूक. त्याने उन्माद उसळू शकतो. मेफेड्रोन शरीरात असताना सेरोटोनिन वाढवणारे औषध दिल्यास ताप, थरथर, स्नायूंचे झटके असा सेरोटोनिन विकार जिवावर बेतू शकतो.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांत धोका आणखी छुपा आहे. त्याची रक्तातील योग्य पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल, १.५ च्या वर विषबाधेची भीती. उत्तेजकाच्या नशेत घाम, उलट्या, न खाणे-पिणे यांनी पाणी कमी झाले की डोस तोच असूनही पातळी चढते. अडखळती जीभ आणि झोकांड्या मग ‘नशाच आहे’ म्हणून सोडून दिल्या जातात. एरवी रक्त शेवटच्या डोसानंतर १२ तासांनी घेतात. विषबाधेचा संशय असल्यास ताबडतोब.

‘आधी नशा सोडा, मग मनाचे औषध’ हा क्रम सोडून द्यायला हवा. दोन्ही उपचार एकत्रच सुरू करावेत. ब्रोमॅझोलॅम एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. नशा उतरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. त्या काळात रुग्णाला एकटे ठेवू नये आणि लिथियम आठवड्यापुरतेच, घरच्यांच्या हाती द्यावे.