मुलांचे फुटबॉल प्रशिक्षण : शरीर आणि मेंदू (ग्वाल्हेर)

वाढत्या वयात फुटबॉल कोणत्या पद्धतीने शिकवला जातो, यावर मुलाची हाडे, स्नायू, हृदय आणि निर्णय घेण्याची सवय कशी घडते हे बऱ्याच अंशी ठरते. ग्वाल्हेरची जुनी ओळख हॉकीची. येथील स्टेडियमला हॉकीपटू कॅप्टन रूपसिंग यांचे नाव आहे. १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, १९५७ साली, येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. तीच आजची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. लष्कर भागातल्या मराठी घरांतून मुले आणि आता मुलीही फुटबॉलकडे वळतात, तेव्हा ‘कोच कोण?’ हे सगळे विचारतात. सराव कसा घेतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

जुनी पद्धत म्हणजे मैदानाला फेऱ्या आणि मग रांग. वीस मुले, एक चेंडू. पाळी येईपर्यंत मूल नुसते उभे असते. एकच किक पुन्हापुन्हा घोटली की त्या दिवशी ती छान जमते, पण टिकत नाही. निरनिराळी कौशल्ये मिसळून केलेला सराव त्या वेळी अडखळत होतो, तरी नंतर जास्त लक्षात राहतो, हे हालचाली शिकण्यावरच्या प्रयोगांत १९७९ पासून दिसत आले आहे. पालकांना मात्र रांगेतला नीटनेटका सरावच शिस्तीचा वाटतो.

चार विरुद्ध चार अशा छोट्या सामन्यांत प्रत्येकाच्या पायाला चेंडू कितीतरी जास्त वेळा लागतो. वेगाने धावणे, थांबणे, वळणे यांतून दम वाढतो आणि हाडांना बळकटी देणारे धक्केही मिळतात. ‘रोंडो’ हा चेंडू राखण्याचा खेळ त्याहून साधा : खुणेचे चार शंकू, कडेला पाच जण, मध्ये दोघे चेंडू हिसकावणारे. कडेची दहा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी चेंडू पायात आल्यावर मान वर करते, तोवर चेंडू गेलेला असतो. काही आठवड्यांनी तीच मुलगी चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घेते. आधी पाहणे, मोह आवरणे, ऐनवेळी बेत बदलणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. बाहेरून ‘पास दे, पास दे’ असे सतत ओरडणारा प्रशिक्षक मुलाच्या वाटचा विचार स्वतःच करून टाकतो.

उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींची साधारण १२ व्या आणि मुलांची १४ व्या वर्षी. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. कालपर्यंत चपळ असलेले मूल अचानक अडखळू लागते. संघातून काढायचे ते वय नव्हे. याच सुमारास टाचेत किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखू लागते, कारण स्नायूबंध हाडाच्या अजून कोवळ्या, वाढत्या भागाला ओढत असतो. ‘वाढीचं दुखणं आहे, होईल बरं’ म्हणून उन्हाळ्यात टणक झालेल्या मातीवर तसेच खेळवले की ते चिघळते. सरावाचे आठवड्यातले तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, हा सोपा हिशेब पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. देखरेखीखालच्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते, ही समजूत मात्र निराधार आहे.

‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचा धोका मुलींना अधिक असतो, म्हणून त्यांच्यासाठी हे फार मोलाचे. त्यात एका पायावर तोल सांभाळणे आहे, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे आहे. आपली लंगडी आठवावी! आजीच्या अंगणातला तो खेळ सरावाच्या सुरुवातीला दहा मिनिटे घेतला, तर तोलाची चांगली तयारी होते.

हेडरबाबत, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबाबत, जग सावध झाले आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद झाला आणि ११ ते १३ वयात सरावातल्या हेडरवर मर्यादा आली. इंग्लंड व स्कॉटलंडने २०२० मध्ये प्राथमिक वयातल्या सरावातून तो काढला. त्याआधी, २०१९ मध्ये, ग्लासगोच्या संशोधकांना माजी व्यावसायिक खेळाडूंत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट आढळले होते. शाळकरी मुलांवर तोच परिणाम होतो असे यातून सिद्ध होत नाही. पण सात वर्षांच्या मुलाकडून ओळीने वीस हेडर मारून घेण्याचे समर्थनही होत नाही.

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त, त्यामुळे अशा हवेत त्यांचे शरीर बाहेरची उष्णता लवकर शोषते. सुटीतले शिबिर पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत आटपावे, शरीर सरावेपर्यंत पहिले दहा-बारा दिवस हलके ठेवावेत, आणि पाण्याची बाटली मैदानाच्या कडेला, मुलाला न विचारता घेता येईल अशी ठेवावी.