डबी बायकोकडे दिली, पण लघवीने सांगितलंच

माझा मावसभाऊ मालवणचा, स्वतःची बोट आहे, वय 41. गेल्या वर्षी टर्म इन्शुरन्स काढायला बसला, फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात बिनधास्त 'नाही' लिहिलं आणि मेडिकलच्या आधी दोन दिवस चुना-तंबाखूची डबी वहिनीच्या ताब्यात दिली. गणपतीचे दिवस, पण मोदकालासुद्धा हात लावला नाही. एवढं करून हप्ता आला जवळजवळ दीडपट. मला फोन, "मी खंय विडी ओढतंय रे?"

विडीचा प्रश्नच नव्हता. निकोटिन रक्तातून तसं पटकन जातं, दर दोनेक तासांनी निम्मं होतं. पण जाताना लिव्हरमध्ये त्याचं कोटिनिन बनतं आणि ते निम्मं व्हायला 16 ते 20 तास लागतात, म्हणजे दोन दिवसांनी निकोटिनचा पत्ता नसला तरी कोटिनिनचा आठवा हिस्सा तरी शिल्लक असतोच आणि लघवीच्या तपासणीत तेच शोधतात. ते धुरातून आलं की चुन्याबरोबर ओठाखालून, हे त्या टेस्टला कळत नाही. आमची मावशी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते आणि वर म्हणते मला कसलं व्यसन नाही, मी दात घासते! तिचीही टेस्ट पॉझिटिव्हच येईल.

साखरेचं पण तेच झालं. उपाशीपोटीची शुगर 96, एकदम छान. पण एचबीएवनसी 6.3. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती सुटत नाही, आणि लाल पेशी जगते साधारण 120 दिवस, त्यामुळे हा आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा, कालचा एक दिवस रोखीने सामान नेलं म्हणून मागची बाकी फिटत नाही. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून डायबेटिस. कमरेचा घेरही मोजला, आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटीमीटरची मर्यादा धरतात, तिथेही हा बाहेरच.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते पुढचंच. कंपनीने बोटीबद्दल पण विचारलं होतं, पण समुद्राचा धोका आणि तंबाखूचा धोका सहसा वेगवेगळ्या पद्धतीने लावतात. बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1825 मध्ये दाखवलं की मोठेपणी माणसाच्या मरणाची शक्यता वयाबरोबर पटीत वाढत जाते, ढोबळमानाने दर आठेक वर्षांनी दुप्पट. तंबाखू, शुगर, बीपी हे या चढत्या आकड्यालाच गुणतात, म्हणून त्यांचं लोडिंग (म्हणजे हप्त्यावरचा जादा आकार) टक्क्यांत. वादळ मात्र वय विचारून येत नाही, पंचविशीतल्या खलाशाला जेवढा धोका तेवढाच पन्नाशीतल्या तांडेलाला, म्हणून धंद्याचा जादा आकार बऱ्याचदा दर हजारी विम्यामागे ठराविक रुपये असा असतो. तरुणपणी हा दुसरा बोचतो, वय वाढलं की पहिला.

(एके काळी नुसतं भारतीय असणं हेच लोडिंग होतं बरं का! गोऱ्यांच्या कंपन्या आपल्या लोकांना जास्त हप्ता लावायच्या, 1870 मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली तिने नॉर्मल दराने विमा द्यायला सुरुवात केली.)

भावाचं म्हणणं, टेस्टच नसती झाली तर खपून गेलं असतं. खपलं असतंही, पण विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी सापडली तर कंपनी क्लेम नाकारू शकते, तीन वर्षांनंतर मात्र तिला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. म्हणजे तीन वर्षं बायकोपोरांचा जीव टांगणीला, कशाला?

शेवटी त्याने वाढीव हप्त्यानेच पॉलिसी घेतली. बऱ्याच कंपन्या निदान 12 महिने तंबाखू बंद असेल तरच बिनतंबाखूवाल्यांचा दर देतात, हे एजंटने सांगितल्यापासून दिवस मोजतोय. परवा जेटीवर भेटला, म्हणाला एकदम सोडलंय. खालचा ओठ मात्र मला जरा फुगलेला वाटला.