लॅपटॉप दुरुस्त करायचाय की डेटा परत हवाय?

पडलेला लॅपटॉप घेऊन मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही काउंटरवर उभे राहा, बोलणं साधारण असंच होतं.

"हार्ड डिस्क गेलीय ताई. नवी एसएसडी टाकतो, विंडोज मारतो, संध्याकाळी घेऊन जा. आधीपेक्षा पळेल बघा."

"आणि दादा, आतले फोटो, फायली?"

"ते बघू. निघाले तर निघाले."

सगळी गोम या "निघाले तर निघाले"मध्ये आहे. दुकानदार लबाड असतो असं नाही. तुम्ही त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवलात, तो लॅपटॉप दुरुस्त करतोय. दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरी ही दोन कामं एकाच काउंटरवर मागितली जातात, एकाच पावतीवर लिहिली जातात, त्यामुळे ती एकच वाटतात. प्रत्यक्षात एका कामात जे सरळ आणि शहाणपणाचं, तेच दुसऱ्यात घातक ठरतं.

दुरुस्तीच्या हिशेबात डिस्क हा एक स्पेअर पार्ट आहे. बिघडला, काढला, नवा लावला. फॉरमॅट मारणं हाही तिथे रीतसर उपाय आहे, कारण शेवटी मशीन चालू झालं की काम झालं. रिकव्हरीच्या हिशेबात लॅपटॉप भंगारात गेला तरी कोणाला सोयरसुतक नसतं. ती एक विशिष्ट डिस्क, तिच्यावरचा सिरीयल नंबर, तिच्यातल्या तबकड्या, एवढंच महत्त्वाचं. आणि तिच्यातला मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरला की तीही टाकूनच द्यायची असते. "रिकव्हरी करून डिस्क परत वापरता येईल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही. वापरायचीच नाही.

पडल्यावर आत काय होतं ते एकदा नीट पाहिलं की हा फरक पटतो. लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. तिच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या फटीचा अंदाज करा. टेबलाची उंची धरा 75 सेंटिमीटर. तिथून जमिनीवर यायला लॅपटॉपला जेमतेम 0.4 सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तबकडीचे पस्तीसेक फेरे होतात. एवढ्याच वेळात हेड बाजूला घेण्याची युक्ती आयबीएमने 2003 मध्ये थिंकपॅडमध्ये आणली: सेन्सरला पडण्याची चाहूल लागली की हेड तबकडीवरून उचलून कडेच्या उतरणीवर नेऊन ठेवायचं. नंतर इतरांनीही ती उचलली, पण प्रत्येक लॅपटॉपमध्ये ती असतेच असं नाही.

म्हणून पडताना मशीन चालू होतं की बंद, हा पहिला प्रश्न असायला हवा. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असताना सोसायचा धक्का साधारण 350 ते 400 जी आणि बंद असताना 1000 जी असा दिलेला असतो (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट). गर्दीच्या विरार फास्टमध्ये रॅकवरची बॅग खाली आली आणि आत लॅपटॉप पूर्ण बंद असला, तर हेड आधीच कडेला टेकलेलं असतं, वाचण्याची आशा बरी असते. नुसतं झाकण मिटून बॅगेत कोंबला असेल तर तो खरोखर झोपला होता की आत अपडेट चालू होतं, हे नशिबावर.

चालू डिस्कला जोराचा हादरा बसला की हेड तबकडीवर आपटतं. कधी वाकतं, कधी तुटतं, कधी तबकडीला चिकटून बसतं. डिस्कच्या एका कोपऱ्यात नखाएवढा पांढरा फिल्टर असतो. फिरत्या तबकडीने उठणाऱ्या वाऱ्यातली धूळ तो टिपतो. हेड घासलेल्या डिस्कचं झाकण उघडलं तर हा फिल्टर काळपट झालेला दिसतो. ती भुकटी म्हणजे तबकडीवरून खरवडला गेलेला चुंबकीय थर. फायली त्या थरातच होत्या. अशी डिस्क "एकदा लावून बघू" म्हणत जितक्या वेळा चालू कराल, तितक्या वेळा वाकडं हेड त्या थरावरून सेकंदाला 90 वेळा फिरणार. दुरुस्तीवाल्यासाठी पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हे निदान असतं, रिकव्हरीसाठी ते नुकसान असतं.

आता लक्षणं. सगळ्यात फसवं प्रकरण आधी घेऊ, कारण त्यात डिस्क बिचारी ठणठणीत असते. लॅपटॉप पडला, स्क्रीन काळी, किंवा "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असा संदेश. आपण समजतो डिस्क गेली. पण पडल्याने डिस्कची पट्टीसारखी केबल निसटलेली असू शकते, डिस्प्ले गेलेला असू शकतो, मदरबोर्डावरचं काही उखडलेलं असू शकतं. डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली तर सगळ्या फायली जशाच्या तशा दिसतात. इथे रिकव्हरीचा खर्च करायची गरजच नाही. डेटा उतरवून घ्यायचा आणि मग लॅपटॉप खुशाल दुरुस्तीला द्यायचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कने स्वतः ठेवलेली नोंद दाखवतं. त्यात सी7 या ओळीतला आकडा वाढत असेल तर संशय केबलवर. 05, सी5 आणि सी6 या ओळींचे आकडे वाढत असतील तर तबकडीवरच्या जागा खराब होत चालल्यात.

दुसऱ्या मशीनला डिस्क लावल्यावर विंडोज कधी कधी विचारतं, "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?" किंवा डिस्क इनिशियलाइझ करायला, म्हणजे कोरी समजून नव्याने मांडायला सांगतं. नाही म्हणा आणि तिथेच थांबा. बऱ्याचदा फायली जागेवर असतात, फक्त त्यांचा पत्ता सांगणारी नोंद बिघडलेली असते. अशा वेळी विंडोजमधला चेकडिस्क हा प्रोग्राम चालवायचा सल्ला सगळीकडून मिळतो. चेकडिस्क हे दुरुस्तीचं हत्यार आहे. त्याला फाइल सिस्टीम, म्हणजे फायलींच्या नोंदींची मांडणी, सुसंगत करायची असते, तुमची फाइल जगते की मरते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुटक्या नोंदी ते पुसतं, उरलेले तुकडे फाउंड.000 नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि हे सगळं त्याच दुखावलेल्या डिस्कवर लिहून करतं. पंचनाम्याआधी घर धुऊन काढण्यातलाच हा प्रकार.

रिकव्हरीवाला आधी डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर, म्हणजे एकेका छोट्या कप्प्याची, नक्कल काढतो. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम यासाठीच आहे: जिथे अडतं ती जागा टिपून पुढे जायचं, सोपा भाग आधी उतरवून घ्यायचा, अवघड जागांवर नंतर परत यायचं. एका खराब जागेवर तास घालवताना डिस्क मेली तर उरलेलंही जातं, म्हणून हा क्रम. फायली शोधणं, नोंदी जोडणं हे सारं त्यानंतर, नकलेवर. मूळ डिस्क बाजूला. जो माणूस मूळ डिस्कवरच रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवतो आणि सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर सेव्ह करतो, त्याच्याकडून डिस्क परत घ्या, दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

नक्कलही घरी काढायची ती फक्त डिस्क शांतपणे फिरत असेल आणि ओळखली जात असेल तेव्हा. टक-टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि हेडचा दांडा परत परत कडेवर आपटतोय. बारीक गुणगुणल्यासारखा किंवा बीप आवाज येत असेल तर तबकडी फिरूच शकत नाहीये, हेड चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. हलवल्यावर आत काचा वाजत असतील तर बहुधा त्या खरंच काचाच आहेत, कारण लॅपटॉपच्या अनेक डिस्कमध्ये तबकडी काचेची असते. या तिन्ही आवाजांत सॉफ्टवेअरचा काही उपयोग नाही. वीज तोडायची आणि पुन्हा द्यायची नाही.

हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची, जुळणाऱ्या फर्मवेअरची (डिस्क चालवणाऱ्या तिच्यातल्याच प्रोग्रामची) दुसरी डिस्क मिळवावी लागते आणि काम करायची जागाही तशी लागते. जुन्या मापात जिला क्लास 100 म्हणतात त्या हवेत एका घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण 100 पेक्षा जास्त चालत नाहीत. ग्रँट रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या, पंखा चालू असलेल्या दुकानात झाकण उघडून "बघतो" म्हणणाऱ्याला हात जोडून थांबवा. डिस्कच्या खालचं सर्किट बदलून देतो म्हणणाराही अर्धंच खरं बोलतो: त्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मापं साठवलेली असतात, ती चिप नव्या सर्किटवर नेल्याशिवाय आजकालच्या डिस्क सहसा जाग्या होत नाहीत. आणि डिस्क फ्रिजरमध्ये ठेवायचा जुना उपाय सोडून द्या. बाहेर काढताच तिच्यावर ओल धरते, मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका.

ओलीवरून आठवलं. डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, "झाकू नका" असं शेजारी छापलेलं. आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात, पण पाण्यात बुडाली की पाणीही तिथूनच शिरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तसं पुन्हा होवो न होवो, तळमजल्यावर दर पावसाळ्यात कोणाचं तरी मशीन भिजतंच. दुरुस्तीवाला भिजलेला लॅपटॉप उघडून, पुसून, सुकवून देतो, बरोबरच करतो. बुडालेली हार्ड डिस्क मात्र हेअर ड्रायरने किंवा तांदळाच्या डब्यात सुकवायची नसते. गढूळ पाणी वाळलं की त्यातली माती आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून रिकव्हरीच्या लॅबला पोचवायची.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. साध्या वॉरंटीत पडणं-सांडणं बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि तेही पार्टचं असतं, डेटाचं नाही. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर "डेटाची जबाबदारी ग्राहकाची" अशी ओळ असतेच. शिवाय वॉरंटीत डिस्क बदलली तर जुनी डिस्क सहसा कंपनी ठेवून घेते. तुमचे आधार-पॅनचे स्कॅन, बँकेचे कागद सगळं त्यात. तेव्हा मशीन आत जाण्याआधीच विचारा: जुना नग परत मिळेल का? काही कंपन्या जास्त पैसे घेऊन तो तुमच्याकडे राहू देतात.

इथपर्यंत नियम सोपा वाटतो: आधी डेटा काढा, मग दुरुस्ती. एसएसडीवाल्या लॅपटॉपमध्ये तो उलटा होऊ शकतो. एसएसडीत मजकूर चिपमध्ये साठतो, फिरणारं काही नसल्याने पडण्याचा तिला तितका धाक नाही. पण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डाख दिलेली असते. 2018 साली आलेल्या मॅकबुक प्रो आणि एअरमध्ये तर साठवलेला सगळा मजकूर त्याच बोर्डावरच्या सुरक्षा चिपच्या किल्लीने बंद असतो. चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही. डेटा हवा तर तोच बोर्ड जिवंत करायला हवा, निदान डेटा उतरेपर्यंत तरी. म्हणजे इथे दुरुस्ती हीच रिकव्हरी. आणि "बोर्ड बदलून देतो, एकदम नवा" हा दुरुस्तीचा सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डेटाचा कायमचा निकाल.

विंडोजमध्ये याचा भाऊबंद म्हणजे बिटलॉकर, डिस्कवरचा मजकूर किल्लीने बंद करणारा. नव्या लॅपटॉपवर तो कधी चालू झाला हे मालकाला माहीतही नसतं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा बोर्ड बदलला की 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. लॅबने हेड बदलून अख्खी नक्कल काढली तरी की नसेल तर हाती येतो तो नुसता कचरा. बहुतेकांची ही की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जाऊन बसलेली असते. कोणालाही पैसे देण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून का होईना, ती तिथे आहे का बघून घ्या. मग काउंटरवर जा, आणि पावतीवर "लॅपटॉप चालू होत नाही" याच्या खाली, पेन मागून घेऊन, स्वतःच्या हाताने लिहा: डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये, डिस्क आणि बोर्ड विचारल्याशिवाय बदलू नये, जुने परत द्यावेत. डिस्कचा सिरीयल नंबरही टाका.