लाँचपासूनची तुलना वेगळी आणि किमतीवरची तुलना वेगळी

कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या, विक्रीवरून वाद सुरू झाला की दोन तुलना सर्रास एकमेकींत मिसळतात. एक लाँचपासूनची, म्हणजे दोन्ही मशीन आपापल्या पहिल्या वर्षात किती खपली, दुसऱ्या वर्षात किती. दुसरी किमतीवरची, म्हणजे दोन्ही एकाच भावात मिळत होती तेव्हा लोकांनी कुठलं उचललं. ऐकायला दोन्ही सारख्याच फेअर वाटतात पण प्रश्न वेगळे आहेत आणि सोनीचं पीएस३ (प्लेस्टेशन ३) नि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० यांच्यात ते सगळ्यात चांगलं दिसतं.

३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ ला आलं, बिनहार्डडिस्कचं कोअर २९९ डॉलर आणि हार्डडिस्कवालं ३९९. पीएस३ एक वर्षाने आलं, ४९९ आणि ५९९ डॉलरला, आणि युरोपात तर थेट मार्च २००७ मध्ये, ५९९ युरोला. आता पहिल्या वर्षासमोर पहिलं वर्ष ठेवलं तर तुम्ही मोजताय काय? ३९९ द्यायला किती जण तयार होते आणि ५९९ द्यायला किती, एवढंच. त्यावरून "लोकांना पीएस३ नकोच होतं" म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण नको असणं आणि परवडत नसणं यात खूप फरक आहे. ऑगस्ट २००९ ला सोनीने किंमत २९९ केली, लगेच स्लिम आलं, आणि सप्टेंबरच्या अमेरिकेतल्या विक्रीत पीएस३ पहिल्यांदाच एक नंबरला गेलं. आता यात स्वस्ताईचा वाटा किती आणि नव्या बारीक मॉडेलचा किती हे सुटं करता येत नाही, दोन्ही एकदमच आलं ना.

मग किमतीवरचीच तुलना करू म्हणाल तर तीही वाटते तितकी सोपी नाही. २००७ च्या शेवटी ३९९ चं पीएस३ आलं खरं, पण त्यातून पीएस२ चे गेम चालणं काढून टाकलं होतं आणि चारऐवजी दोनच यूएसबी पोर्ट होते, म्हणजे भाव उतरला तसं मशीनही बदललं. उलट त्यात ब्लू-रे (सिनेमांच्या हाय-डेफिनिशन डिस्क चालवणारा ड्राइव्ह) होता, जेव्हा नुसता ब्लू-रे प्लेअर सुरुवातीला हजार डॉलरच्या घरात होता, त्यामुळे काहींनी पीएस३ सिनेमांसाठीच घेतलं आणि तेही आकड्यात गेमर म्हणूनच मोजले गेले! ३६० वर ऑनलाइन खेळायचं तर वर्षाला साधारण ५० डॉलर वेगळे, पीएस३ वर फुकट. मग खरी किंमत कुठली धरायची, डब्यावरची की चार वर्षांची मिळून? मी तरी दुसरी धरेन. शिवाय पीएस३ २९९ ला पोचलं तेव्हा ३६० चं सगळ्यात स्वस्त मॉडेल आधीच १९९ वर होतं.

शेवटचे आकडे बघा, पीएस३ ८.७४ कोटींच्या वर आणि ३६० २०१४ पर्यंत ८.४ कोटींच्या वर. नुसते हेच ठेवले तर बरोबरी दिसते, पण कोणी कुठल्या भावात किती विकले ते त्यात कुठेच नाही.

किमतीवरची तुलना त्यातल्या त्यात नीट जमते ती पुढच्या पिढीत, कारण तिथे दोन्ही मशीन नोव्हेंबर २०१३ मध्येच आली. पीएस४ ३९९, एक्सबॉक्स वन कायनेक्टसकट (हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासकट) ४९९. जून २०१४ ला मायक्रोसॉफ्टने कायनेक्ट वगळून ३९९ केलं, म्हणजे डब्यावरचा भाव सारखा, तरीही त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पीएस४ च पुढे राहिलं. मग सुट्ट्यांच्या सीझनला एक्सबॉक्स ३४९ ला आलं आणि नोव्हेंबर, डिसेंबर दोन्ही महिने अमेरिकेत पुढे गेलं, जानेवारीत परत पीएस४. सारख्या भावात एक जिंकतो आणि ५० डॉलरचा फरक पडला की दुसरा, हे लाँचपासूनच्या आलेखात एक छोटासा उंचवटा म्हणून दिसेल फक्त.

आणि २०२५ मध्ये तर अमेरिकेत पीएस५ ४९९ वरून ५४९ वर गेलं, एक्सबॉक्स सिरीज एक्सही महागलं, त्यामुळे पीएस५ च्या पाचव्या वर्षाचा आकडा पीएस४ च्या पाचव्या वर्षाशेजारी ठेवताना त्या वेळचा भाव बाजूला लिहाच, कारण पीएस४ त्या वयात स्वस्त झालेलं होतं.