शिरूरच्या पुलापलीकडे, कुकडीच्या कुंडावर

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की ६५-७० किलोमीटरवर शिरूर येतं. जुनी माणसं अजून ‘घोडनदी’च म्हणतात. गावाच्या कडेने घोड वाहते आणि पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. बहुतेक पुणेकरांना हे गाव ठाऊक असतं ते शिर्डीला जाताना चहाला थांबण्यापुरतं. माझं म्हणणं, एक अख्खा दिवस इथे काढावा, आणि तोही नद्यांसाठी.

शिरूर पर्जन्यछायेत आहे. घोड उगम पावते आहुप्याकडच्या डोंगरात, तिला मिळणारी कुकडी नाणेघाटाजवळ कुकडेश्वरापाशी. त्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग पूर्वेला सरकतात तोवर बरेचसे रिते झालेले असतात, त्यामुळे शिरूरच्या वाट्याला येतो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. थोडक्यात, इथल्या नद्या उसन्या पावसावर वाहतात. पूर आला तर आधी विचारायचं, ‘वर किती झाला?’

या ओढगस्तीच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी लष्करी छावणी टाकली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली आणि सुमारे ४० किलोमीटर चालून सकाळी भीमेकाठच्या कोरेगावला पोचली. पुढची लढाई सर्वांना माहीत आहे. त्याआधी, १८०९ मध्ये, कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी इथे वारला. त्याचं थडगं गावात आहे. गावकरी त्याला ‘सत्पुरुष’ मानू लागले आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य तिथे ठेवू लागले. परक्या फौजेतल्या साहेबाला नैवेद्य! या एका थडग्यासाठीही मी गाडी थांबवीन.

पण खरा ऐवज गावाबाहेर, साधारण २५ किलोमीटरवर आहे. अलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज, मधे कुकडी. लोक या जागेला नुसतं ‘कुंड’ म्हणतात. दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं देऊळ आहे. मधलं नदीपात्र काळ्या कातळाचं, आणि त्यात रांजण पुरावेत तसे शेकडो खळगे.

हा कातळ बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याला भोकं पाडतं कोण? नुसतं पाणी हे काम करू शकत नाही. पुराच्या ओढीत पात्रातल्या एखाद्या भेगेशी किंवा खोलगटाशी भोवरा तयार होतो. त्यात गोटे आणि वाळू अडकतात आणि गरगर फिरत कडा घासू लागतात. जात्यात धान्य दळलं जातं, इथे जातंच दळलं जातं. खळगा जसजसा खोल जातो तसतसे गोटे तळाशी घुमत राहतात आणि पोट फुगतं. म्हणून काही खळग्यांचं तोंड लहान आणि आतला घेर मोठा, अगदी घरातल्या रांजणासारखा. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की त्यांचा एक होतो, असे अनेक जोडले गेले की अरुंद, खोल घळ तयार होते. कुकडीने पात्र कापलं ते असं, भोकाला भोक जोडत.

कोरड्या खळग्यात हात घालून एखादा गोटा बाहेर काढून बघा. बहुतेक अंडाकृती, साबणाच्या झिजलेल्या वडीइतका गुळगुळीत. कातळ झिजवताना तो स्वतःही झिजलेला असतो. (बघून झाल्यावर जागेवर ठेवा. हे यंत्र त्याच्यावरच चालतं.)

पर्यटनाचं म्हणाल तर इथे कारंजी आणि सेल्फी-पॉइंट नकोत. मुक्कामाला शिरूर, एका बाजूला रांजणगावचा महागणपती, वाटेत मोराची चिंचोली, आणि कुंडाच्या दोन्ही काठांवर खळगे कसे झाले हे चार चित्रांत सांगणारा फलक, एवढं पुरे. अडचण एकच: नदी दोन जिल्ह्यांत वाटलेली. अलीकडचा काठ एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, त्यामुळे मार्गदर्शक, कठडा, कचराकुंडी, सगळं एकत्र बसून ठरवावं लागेल.

जायचं ते डिसेंबरनंतर, सकाळी लवकर, कारण दुपारी काळा कातळ पाय भाजतो. पावसाळ्यात आणि वरच्या धरणांतून पाणी सुटलेलं असताना काठावरूनच बघा. शेवाळलेल्या बेसाल्टवर पाय ठरत नाही आणि रांजणात पडलेल्याला धरायला कुठेच कंगोरा सापडत नाही.